राजकन्या इल्वारा हिचे हक्कसोडपत्र

महाडला कचेरीच्या समोर मंगेशचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, दर पाचव्या पानाला कागद अडकवणारा प्रिंटर आणि डोक्यावर पत्रा. अठरा वर्षं तो तिथे बसून लोकांचे दस्त लिहितो आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र. जगात त्याच्या मते दोनच प्रकारची माणसं, एक ‘लिहून देणार’ आणि दुसरी ‘लिहून घेणार’. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने आपली जिलबी त्याच्या पानात सरकवली, तर "विनामोबदला ना?" असं विचारल्याशिवाय तो ती उचलत नाही.

असा हा गृहस्थ रोज सकाळी पोलादपूरहून स्कूटरवर येतो नि संध्याकाळी परत जातो. तो राखेच्या पक्ष्यांच्या आणि बोलणाऱ्या विहिरींच्या मालिकेमागे वेडा होईल, असं कोणी सांगितलं असतं तर त्याच्या बायकोनेसुद्धा हसून सोडून दिलं असतं. पण झालं खरं. सेजलचा, म्हणजे त्याच्या लेकीचा, पाय मोडला होता. ती पलंगावर पडून ‘धूम्रलोक’ बघायची आणि तिच्या सोबतीला म्हणून हा खुर्ची टाकून बसायचा. परदेशी मालिका, हिंदी आवाजातली. तीन भाग त्याने जांभया देत काढले. राखपक्षी उडाला तेव्हा "काय गो असलं बघतेस?" म्हणाला. चौथ्या भागात मात्र राजा वारला. राजकन्या इल्वाराने भर दरबारात बोटातली अंगठी काढली, धाकट्या भावाच्या हातावर ठेवली आणि एक शब्द न बोलता ती घोड्यावरून उत्तरेला निघून गेली. सेजलच्या डोळ्यांत पाणी आलं. मंगेश खुर्चीत ताठ बसला.

"थांबव. मागे घे जरा."

"का हो बाबा?"

"साक्षीदार किती होते ते बघू दे."

त्या दिवसापासून मंगेश हातचा गेला.

‘धूम्रलोक मंडळ, महाड-पोलादपूर’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट तेव्हा नुकताच निघाला होता. सभासद त्रेचाळीस, त्यांतले बोलणारे तीन. एक मंगेश. दुसरे सुशांत सर, हायस्कूलात विज्ञान शिकवणारे. राखपक्ष्याचं वजन आणि पंखांची लांबी यांचा मेळ बसत नाही, म्हणून ते दोन वर्षं अस्वस्थ होते. तिसरी आम्रपाली, मंगेशच्या शेजारच्या पत्र्याखाली झेरॉक्सचं मशीन चालवणारी. तिने मराठी घेऊन बी. ए. केलं होतं आणि मालिकेत कोण कितव्या भागात खोटं बोललं याची यादी तिच्याकडे वहीत होती. शनिवारी कचेरी बंद. तेव्हा दुपारी हे तिघं मंगेशच्या टेबलाभोवती चहा घेऊन बसत आणि सात विहिरींच्या राज्याचं पुढे काय होणार यावर असे भांडत, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, एकाच बापाची ही तीन लेकरं वाटणीला बसली आहेत.

सगळ्या फॅनमंडळींचं म्हणणं एकच होतं. इल्वाराने राज्य सोडलं, आता ती कथेतून गेली. मंगेशला हे पटेना.

"सोडलं कशावरून?"

"अहो, अंगठी दिली ना!" सुशांत सर म्हणाले.

"अंगठी जंगम मालमत्ता. राज्य स्थावर. स्थावरातला हक्क असा अंगठीबरोबर जातो होय? दस्त दाखवा मला. नोंदणी दाखवा."

"त्या राज्यात कागदच नाहीये मंगेशदा," आम्रपाली म्हणाली. "झाडाच्या सालीवर लिहितात."

"सालीवर का होईना, लिहिलं का? आणि दुसरं सांग. बहिणीने हक्क सोडला, तर भावाने साडीचोळी केल्याचा एक तरी प्रसंग दाखवलाय?"

सर खळखळून हसले. मंगेश हसला नाही. त्याच रात्री त्याने गटावर ‘इल्वाराचा हक्क शाबूत आहे’ या मथळ्याखाली सात मुद्दे टाकले. मुद्दा तीन गाजला तो असा: ‘गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. हो म्हणणे हीसुद्धा संमती नव्हे. काय सोडतो आहोत हे समजून, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने दिलेली ती संमती.’ हे सात मुद्दे पुण्याच्या गटात गेले, तिथून नागपूरच्या. लोक त्याला ‘इल्वाराचे वकील’ म्हणायला लागले. नागपूरच्या एका पोराने फोन करून "सर, तिसऱ्या सीझनमध्ये ती परत येणार ना?" असं विचारलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ‘सर’ म्हणवून घेणारा मंगेश दोन दिवस कचेरीच्या शिपायाशीही अदबीने बोलत होता.

मग त्याने कळस केला. राजकन्येला खरोखरच हक्क सोडायचा असता तर दस्त कसा हवा होता, याचा नमुनाच त्याने टाइप केला. पाच पानी. चतुःसीमांसकट: पूर्वेस राखेचा डोंगर, पश्चिमेस सातवी विहीर. आम्रपालीने तो वाचून मशीन बंद केलं आणि त्याला नमस्कार केला. अठरा वर्षांत त्याच्या हातून इतका देखणा दस्त उतरला नव्हता.

आता इकडची गोष्ट. मंगेशचे वडील महिपत आदल्या वर्षी वारले होते. पोलादपूरच्या वर, घाटरस्त्याच्या अंगाला त्यांची जमीन. थोडं भात, वर उतारावरचं नाचणीचं वरकस, बांधाला दोन फणस. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर तीन नावं चढली. आई तुळसा, मोठी बहीण ललिता आणि मंगेश. मंगेशला ती तीन नावं खुपायची. गावभरचे सातबारे त्याने एका नावावर आणून सुटसुटीत केले होते. स्वतःच्या घरचाच असा गर्दीचा! आईला त्याने विचारलं, तर ती म्हणाली, "ललीनं सही केली तर मी पन करीन."

ललिता दासगावला दिलेली. तिथे ती शिवणकाम करते. आणि आमच्या या भागात बहिणीने सही करणं म्हणजे काही मोठी घटना नव्हे. बहीण सकाळच्या गाडीने येते, दाखवलं तिथे सही करते, भाऊ साडी देतो, दोघं मिळून मिसळ खातात, आणि बहीण दुपारच्या गाडीने परत जाते. मंगेशने असे शेकडो दस्त लिहिले होते. एकाही बहिणीने दुसरं पान उलटून पाहिलं नव्हतं.

त्याने फोन केला. "ताय, मंगळवारी येतेस? धा मिनटांचं काम हाय."

"कसलं रे?"

"सहीचं."

"बरं," ललिता म्हणाली. ते ‘बरं’ मंगेशने मनातल्या मनात नोंदवूनही टाकलं.

सोमवारी दिवसभर गिऱ्हाईक होतं. संध्याकाळी घाईघाईने त्याने आपल्या धंद्यातले सगळे करतात तेच केलं. जुना दस्त उघडायचा, नावं बदलायची, छापायचा. आणि सगळ्यांत चांगला जुना दस्त कुठला, तर इल्वाराचा. राखेच्या डोंगराच्या जागी घाटरस्ता आला, सातव्या विहिरीच्या जागी शेजाऱ्याचा बांध. राजपुत्राच्या जागी मंगेश महिपत.

मंगळवारी ललिता आली ती सेजलसाठी फणसपोळीचा डबा घेऊन. साक्षीदार म्हणून मंगेशने हाताशी असलेली दोन माणसं धरली होती, सुशांत सर आणि आम्रपाली. सरांनी खास अर्धी रजा टाकली होती. टेबलाखाली पिशवीत वांगी रंगाची साडी तयार होती.

"इथं, इथं, आणि शेवटच्या पानावर," मंगेशने बोट ठेवून दाखवलं.

ललिताने पर्समधून चष्मा काढला.

"वाचायला नको गो ताय, नेहमीचंच हाय."

"मंग्या, मी ब्लाऊजपीसपन उलटंपालटं बघितल्याबिगर कात्री लावीत नाय."

ती वाचू लागली. पहिलं पान. दुसरं. मंगेश घड्याळ बघत होता. आत नंबर पुकारले जात होते. तिसरं पान. चौथ्या पानावर तिचं बोट थांबलं.

"ही इल्वारा हितं कशी आली?"

सुशांत सरांनी झडप घालून पान ओढलं. आम्रपालीने तोंडाला ओढणी लावली, पण हसू ओढणीतून बाहेर आलं.

"टायपिंगची चूक," मंगेश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पेनाने दुरुस्त करू. बाजूला छोटी सही."

"आधी वाच मोठ्यानं."

"ताय, नंबर येईल आपला."

"येऊ दे. वाच."

मंगेशने वाचलं. "सदरचा हक्क राजकन्या इल्वारा हिने कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण विचारांती व राजीखुशीने सोडला आहे."

"म्हंजे राजीखुशी तिची," ललिता म्हणाली. "माझी कुठं लिवलीय?"

"अगं, तुझीच ती! नाव बदलायचं राहिलं."

"मला कवा इचारलंस तू?"

फोनवरचं ते ‘बरं’ मंगेशला आठवत होतं, पण ते पुढे करावं की करू नये हे कळेना.

"मुद्दा तीन," आम्रपाली हळूच म्हणाली.

"तुला कसं ठाऊक ते?" हे मंगेशने आम्रपालीला नव्हे, बहिणीला विचारलं. कारण ललिता मान डोलावत होती.

"सेजलनं दावलं मला. समदे सात मुद्दे. मी बघते की ती मालिका, मोबाइल डब्याला टेकवून, काजं करता करता. तुला वाटलं, तायला शिवणाबिगर काय ठावं नाय." ती चष्मा पुसत म्हणाली. "लय चांगलं लिवलंस रे. मी वाचून रडले. म्हणलं, माझा भाऊ परक्याच्या पोरीसाठी एवढं भांडतो."

"ती गोष्ट आहे गो! हे खरं आहे!"

"खरं हाय म्हनून तर इचारते." तिने कागद टेबलावर नीट जुळवून ठेवले. "मला तिथं नांगर नाय धरायचा, घर नाय बांधायचं. फणस काय, तू पाठवतोसच. पन उतारा काढला, तर महिपतची लेक म्हनून माझं नाव एका जागी तरी असूं दे. आनी हे बघ, सही नाय केली तर तू मला दारात उभी करशील का नाय, ते आत्ता सांग. नाय म्हनत असशील, तर आन पेन. मी करते सही. मला म्हायेर पायजे. पन मग खाली लिव, राजीखुशीनं नाय केली म्हनून."

सुशांत सर राखपक्ष्याचं वजन मोजताना जसे छताकडे बघत, तसे पत्र्याकडे बघत होते. मंगेशने पेन उचललं, खाली ठेवलं. खरं सांगायचं तर त्याला आधी बहिणीची नाही, मंडळाची लाज वाटली. शनिवारी ही दोघं चहा प्यायला येणार. नागपूरच्या पोराला हे कळणार. मग त्याची नजर बहिणीच्या बोटांवर गेली. सुया टोचून टोचून त्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती. त्याला बालवाडीत नेऊन सोडणारी तीच बोटं. सातवीनंतर घरात एकाच्याच शिक्षणाची सोय होती, तेव्हाही तिला कोणी विचारलं नव्हतं. तेव्हाही ती ‘बरं’च म्हणाली असणार.

आतून शिपायाने नाव पुकारलं. मग दारात येऊन विचारलं, "मंगेशभाऊ, लिहून देणार हजर आहे का?"

मंगेशने पाच पानं उभी-आडवी फाडली.

"नाही," तो म्हणाला. "ती उत्तरेला गेलीय."

शिपाई काही न समजून पुढचं नाव पुकारायला वळला. आम्रपालीने हसावं की रडावं न कळून एक कोरा कागद झेरॉक्स केला.

"दारात कशी उभी नाय करनार गो," मंगेश पुटपुटला. "कायपन बोलतेस."

"मग ती टेबलाखालची पिशवी कसली?"

"साडी."

"दे की मग. साडीनं काय गुन्हा केलाय?" ललिताने पिशवीत डोकावून काठ उलटा करून पाहिला. "विनामोबदला ना?"

मिसळ चौघांनी खाल्ली. संध्याकाळी घरी आईने विचारलं, "झालं का रे काम?"

"झालं."

"किती नावं ऱ्हायली?"

"तीन."

"बरं झालं," तुळसा म्हणाली, आणि नाचणी पाखडत राहिली.

पुढे तिसरा सीझन आला. इल्वारा सहाव्या भागात परतली, दरबारात उभी राहिली, झाडाच्या सालीवर स्वतःच्या हाताने सगळं राज्य भावाला लिहून दिलं आणि हसत हसत निघून गेली. दोन साक्षीदारांसमक्ष. मंडळात हाहाकार उडाला. सुशांत सरांनी निषेध म्हणून एक दिवस मालिका पाहिली नाही. मंगेशने फक्त एवढंच लिहिलं, की लेखकाने चार दिवस आमच्या कचेरीसमोर बसायला हवं होतं. त्याखाली नागपूरच्या पोराचा निरोप आला: ‘वकीलसाहेब, केस हरलात की हो!’

मंगेश बराच वेळ टाइप करत होता, खोडत होता. तेवढ्यात गटात चव्वेचाळिसाव्या सभासदाचा पहिलाच निरोप झळकला. सभासद दासगावची.

‘तिला साडी कुठली दिली ते दाखवलंच नाय. माझा इस्वास नाय बसत. सातवा भाग बघूया.’