जिवंत कवींचा तास

अकरावीला कविता शिकवताना मी आधी फळ्यावर कवीचं नाव लिहायचे आणि त्याखाली जन्माचं आणि मृत्यूचं साल. चौदा वर्षांची सवय होती. त्या दिवशीही लिहिलं आणि मार्करला टोपण लावत होते, तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"मॅम, सगळे पोएट मेलेलेच असतात का?"

वर्ग हसला, मीही हसले. "छे, जिवंतही असतात की," असं मी म्हणाले.

"मग एखादं नाव सांगा ना. आपण एवढे अमेरिकन पोएट शिकतो, त्यातला एखादा."

मला एकही नाव आठवेना. "गुरुवारी सांगते," असं म्हणून मी धडा पुढे ढकलला, पण कान गरम झाले होते.

शाळा सुटल्यावर मस्कतमधल्या दार्सैतच्या उतारावरून घरी चालत येताना मी स्वतःचीच उलटतपासणी घेतली. पुण्यात इंग्रजी घेऊन एमए केलं, तेव्हाचा आमचा अमेरिकन कवितेचा पेपर जिथे संपायचा, तिथला शेवटचा कवी माझ्या जन्माआधीच गेलेला. त्यानंतर मी कविता शिकवल्या, तपासल्या, त्यांच्यावर पाच मार्कांचे प्रश्न काढले, पण नवी कविता शोधून वाचली नाही. मराठीतले कवी मात्र मी प्रत्यक्ष पाहिले होते. चुरगळलेल्या सदऱ्यातले, कार्यक्रमानंतर बटाटेवडा खाताना चटणी मागून घेणारे. मराठीत कवी जिवंत असतो हे मला ठाऊक होतं. इंग्रजीत तो मेलेलाच मिळतो, असं मी नकळत धरून चालले होते.

इंटरनेटवर शोधायला बसले तर उलटंच झालं. हजारो नावं आली. मावळत्या सूर्याच्या चित्रावर चार ओळी लिहिणारेही कवी आणि पाठीमागे बक्षिसांची यादी असलेलेही कवी. यातलं वाचावं काय, शिकवावं काय, आणि ठरवणार कोण? दोन दिवस डोळे दुखेपर्यंत वाचलं आणि गुरुवारी वर्गात सरळ सांगितलं की मी अजून शोधतेय. ती मुलगी म्हणाली, "ओके मॅम, टेक युअर टाइम." अगदी मोठ्या माणसासारखं.

त्याच आठवड्यात शाळेतल्या एका सहकारी बाईंनी व्हॉट्सॲपवर एक निरोप पाठवला. डोंगरापलीकडच्या अल अमेरातल्या कुणी अमेरिकन बाई देश सोडून परत चालल्या होत्या आणि घरातलं सामान काढत होत्या. मला इस्त्रीचं टेबल हवं होतं. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही डोंगर ओलांडून तिकडे पोचलो.

बाई साठीच्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. इथल्या एका कॉलेजात त्या इंग्रजी शिकवत होत्या. दिवाणखान्यात केळ्यांच्या खोक्यांतून पुस्तकं भरलेली. टेबल दाखवून झाल्यावर मी धीर करून विचारलं, "मीही इंग्रजी शिकवते. तुमच्याकडचे जिवंत कवी कोणते वाचावेत, सांगाल?"

त्यांनी हातातला चहाचा मग खाली ठेवला आणि एका खोक्यावर बसकणच मारली. "सात वर्षांत हा प्रश्न मला इथे कुणी विचारला नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि विचारलात ते सामान बांधून झाल्यावर!"

मग त्यांनी बांधलेलं खोकं उघडलं. माझा नवरा इस्त्रीचं टेबल काखेत धरून दारात उभा, आणि आम्ही दोघी जमिनीवर. एक जाडजूड कवितासंग्रह काढून त्यांनी मागची यादी उघडली. प्रत्येक कवीच्या नावापुढे जन्माचं साल, मग छोटी आडवी रेघ. काही रेघांपुढे दुसरं साल छापलेलं, काहींपुढे बाईंनी पेन्सिलने लिहिलेलं.

"रेघेपुढे जागा मोकळी असली की माणूस आहे," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापासून सुरुवात करा. रोज एक कविता, मोठ्याने. नाही कळली तर पुढची. कळली आणि घरात कुणाला तरी ऐकवावीशी वाटली, तर खूण करा. एकाच कवीपुढे तीन खुणा जमल्या की त्याचं स्वतःचं पुस्तक मागवा. बाकी मलपृष्ठावर कोण काय म्हणतं ते वाचूच नका."

ते पुस्तक त्यांनी मला दिलं. परतीच्या वाटेवर मी गाडीतच वाचायला लागले. घाटाची वळणं लागली तसं मळमळलं, तरी मिटवेना.

पुढचे शुक्रवार मजेत गेले. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर, कवितेच्या वाटेला न जाणारा. "तू वाच, मी पोह्यांचा कांदा चिरतो," तो म्हणाला. मी वाचायचे, अडेल तिथे मराठीत सांगायचे. त्याची सुरी थांबली की मी खूण करायचे. एका कवयित्रीने आईच्या लाँड्रीतल्या वाफेवर लिहिलं होतं, तिथे सुरी थांबली. एका म्हाताऱ्या कवीची सहा ओळींची कविता होती, शेजाऱ्याने न विचारता अंगणातला बर्फ काढून दिला एवढीच. तिथे तो म्हणाला, "परत वाच." एकाचे आईवडील दुसऱ्या देशातून आलेले. तो इंग्रजी कवितेच्या मधेच घरच्या भाषेतले शब्द घालायचा आणि त्यांचा अर्थ सांगायचा नाही. मला आमच्या बिल्डिंगमधली मुलं आठवली, ती असंच बोलतात. हे लोक आत्ता, या क्षणी कुठेतरी चहा पीत असतील, या विचाराने मला उगाचच हसू यायचं.

प्रिन्सिपलबाईंना जाऊन भेटले. गुरुवारचा शेवटचा तास मला द्या, म्हटलं. "सिलॅबस?" त्यांनी विचारलं. "पूर्ण करते," मी म्हणाले. मुलांनी त्या तासाचं नाव आपणहून ठेवलं, 'जिवंत कवींचा तास'. फळ्यावर मी आता एकच साल लिहायचे आणि पुढे रेघ.

पाचव्या की सहाव्या गुरुवारी मी ज्या कवयित्रीपुढे तीन खुणा झाल्या होत्या, तिची एक कविता घेतली. तिचे वडील वेल्डर. लहानपणी ती त्यांच्या शेडच्या दारात उभी राहून हाक मारते. ते वळत नाहीत. काळ्या काचेआडून एका लहानशा तळ्याकडे बघत राहतात आणि मोकळा हात तिच्या दिशेने उंच करतात. कविता तिथेच संपते. मी छान समजावलं. तळं म्हणजे वडिलांचं साठलेलं दुःख, काळी काच म्हणजे बाप-लेकीतलं अंतर, उचललेला हात म्हणजे नकार. फळा भरला. मुलांनी उतरवून घेतलं.

सुट्टी संपून रविवारी सकाळी शाळा भरली तेव्हा ती खिडकीजवळची मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. या वेळी मराठीत, शब्द चाचपडत बोलली. "मॅम, मी पप्पाला ते पोएम सांगितला. तो खूप हसला. तो बोलला, तळं म्हणजे तळंच."

"तुझे पप्पा काय करतात गं?"

"गाला एरियात वेल्डर आहे. फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये."

मी आधी ओशाळले, आणि मग मला खरंच आनंद झाला. "त्यांना गुरुवारी वर्गात बोलावशील?" मी विचारलं. तिचे डोळे मोठे झाले. "पप्पाला? इथे?"

गुरुवारी ते आले. कामाच्या निळ्या डांगरीवर इस्त्री केलेला शर्ट चढवलेला, हातात पिशवी. सावंतवाडीकडचे. "बाईनू, राग मानू नकात," दारातच म्हणाले. त्या शाळेत मला 'बाई' म्हणणारा हा पहिलाच माणूस. "चेडवान सांगितल्यान म्हणान इलंय. अर्बाबाक, मालकाक म्हटलंय, पोरीच्या शाळेत माझा लेक्चर आसा. तो हसलो नि म्हणालो, यल्ला, जा. पण माका इंग्लिश येना नाय हां."

"मला वेल्डिंग येत नाही," मी म्हणाले. "फिट्टंफाट."

वर्गात मल्याळी, तमिळ, गुजराती सगळी मुलं, म्हणून ते हिंदीत बोलले आणि अडेल तिथे लेकीने इंग्रजी केलं. पिशवीतून त्यांनी हातात धरायची वेल्डिंगची ढाल काढली, मधोमध काळी काच बसवलेली. ती बाकाबाकावरून फिरवली. मुलांनी डोळ्यांपुढे धरली, तर वर्गच नाहीसा झाला. ट्यूबलाइटसुद्धा दिसेना.

"बघितलंत?" ते म्हणाले. "आता रॉड लावला की लोखंड वितळतं आणि इवलंसं तळं होतं. चमकतं, हलतं. सगळी दुनिया काळी, दिसतं फक्त तेवढं तळं. आम्ही ते तळं पुढे पुढे चालवतो. घाई केली तर सांधा कच्चा, रेंगाळलं तर भोक. नजर हलवायची नाही."

मग मी एका मुलाला कविता पुन्हा वाचायला सांगितली. लेक वडिलांच्या शेजारी उभी राहून एकेक ओळ त्यांना मराठीत सांगत होती. मुलगी हाक मारते. वडील वळत नाहीत. "कसो वळतलो?" ते पुटपुटले. वडील हात वर करतात. इथे त्यांनी तिला थांबवलं.

"परत सांग. खयचो हात?"

"मोकळा हात. फ्री हँड."

"तिच्याकडे करून?"

"हो. मॅम बोलली, तो तिला नको बोलतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वर्गाकडे. स्वतःचा डावा हात उचलून पंजा पसरून दाखवला, चेहऱ्यासमोर आडोसा धरावा तसा. "वो बोलता है, मत देख," ते म्हणाले. "उस के पास काच है, बच्ची के पास नहीं है. आंख चला जाएगा."

मी फळ्यासमोर उभी, आणि गेल्या गुरुवारचा माझा 'नकार' हा शब्द मला अंगावर आल्यासारखा झाला. ती मुलगी एकदम हिंदीत म्हणाली, "पप्पा, तू माझ्यावर असाच ओरडायचास. मी लहान असताना वर्कशॉपमध्ये आले की."

"ओरडूक नाय काय? दोन डोळे आसत तुका," ते म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसायला लागले. मुलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली ती थांबेचनात. प्रिन्सिपलबाई काय झालं म्हणून डोकावून गेल्या.

तो तास संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "मॅम, कोण बरोबर? तुम्ही की अंकल?" मी म्हणणारच होते की कवितेचे अनेक अर्थ असतात, वगैरे. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "पोएट जिवंत आहे ना? विचारू या की!"

हे मला सुचलंच नव्हतं. मुलांनी मिळून पत्र लिहिलं. कवयित्रीच्या वेबसाइटवर पत्ता होता, तिथे ईमेल केलं. पत्रात माझा अर्थ आणि अंकलचा अर्थ असे दोन्ही लिहिले होते, माझा जरा जास्तच प्रामाणिकपणे. तीन आठवडे काही आलं नाही. मुलं रोज विचारायची, मी म्हणायचे, "इन्शाल्ला."

मग एका सकाळी उत्तर आलं. मी स्टाफरूममध्ये उभ्यानेच वाचलं. कवयित्रीने लिहिलं होतं की मस्कतच्या वर्गात आपली कविता पोचली यानेच तिला झोप लागली नाही. पण हाताबद्दल तिला स्वतःलाही नक्की माहीत नव्हतं. तिने फक्त जे पाहिलं ते लिहिलं होतं, आणि आजवर ती त्याला नकारच समजत आली होती. वडील आता थकलेत, पण आहेत. 'रविवारी जाईन तेव्हा विचारते,' असं शेवटी होतं.

दुसरं ईमेल दहा दिवसांनी आलं, अगदी छोटं. तिने वडिलांना विचारलं होतं. ते चिडलेच म्हणे, की यात विचारण्यासारखं काय आहे, तुझे डोळे गेले असते. मग दोघं बराच वेळ हसत बसली. वडिलांनी आमच्या वेल्डरसाठी एक प्रश्न पाठवला होता, की तुम्ही तिकडे कुठला रॉड वापरता, आणि उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या शेडमध्ये टिकता कसे?

ते पत्र मी वर्गात वाचून दाखवलं तेव्हा त्या मुलीने फोटो काढून अर्थासकट लगेच वडिलांना पाठवला. मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. मागे ग्राइंडरचा आवाज.

"बाईनू, म्हातारो भारी आसा हां! तेका सांगा, आमी पहाटे पाचाक सुरू करतंव नि ऊन चढला की थांबतंव. रॉडाचो नंबर मी चेडवाकडे लिवन देतंय."

"सांगते," मी म्हणाले. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आणि बाईनू, आणखी एक इचारू? आमच्या वर्कशॉपात एक पेंटर आसा, केरळचो. मी तेका ह्या सगळा सांगितलंय तर तो आता माझ्या मागे लागलोहा. रंगाऱ्यावर कोणी लिवल्यान हा काय तुमच्या त्या पुस्तकात?"

मी म्हटलं, बघते. शुक्रवारी नवरा कांदा चिरायला बसला तसं मी पुस्तक उघडलं आणि रंगारी शोधायला लागले. एक सापडला. शिडीवर उभा राहून चर्चचं छत रंगवणारा, आणि लिहिणारा कवी त्याचा मुलगा.

"वाच," नवरा म्हणाला.