पुकारा झाला तेव्हा मी बाकावरच होते

आधी माफी मागते. शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षर तर पहिल्यापासून वेडंवाकडं. चौथीनंतर शाळा सुटली, हात मासळीत गेले. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. कोर्टातले शब्द डोक्यात फिरत राहतात, ते कागदावर उतरले तर जीव हलका होईल असं वाटतं.

आमचं गाव काशीदच्या पुढे. नवरा बोटीवर खलाशी, मी सुकी मासळी विकते. एका वर्षी बोंबील घेऊन सुकवायला व्यापाऱ्याकडून उचल घेतली. त्याने हमी म्हणून माझा सही केलेला कोरा चेक ठेवून घेतला. गावात सगळ्याच बायका देतात, मीही दिला. नेमका अवकाळी पाऊस आला आणि बांबूवर टांगलेले बोंबील काळे पडले. उचल फिटेना. व्यापाऱ्याने चेकवर रक्कम भरून तो बँकेत टाकला. खात्यात काही नव्हतं, चेक परत गेला.

आधी वकिलाची नोटीस आली. ती मी देवाच्या फोटोमागे ठेवली. वाटलं, उत्तर नाही दिलं तर विषय तिथेच थांबेल. मग पोलीस समन्स घेऊन दारात आला. समन्स म्हणजे कोर्टाचं बोलावणं, एवढं त्याने सांगितलं. पण त्यात माझ्या नावापुढे लिहिलं होतं, आरोपी. आरोपी म्हणजे तुरुंगातला माणूस, एवढंच मला ठाऊक. शेजारणीलासुद्धा विचारायची लाज वाटली.

तारखेला पहिल्या एसटीने तालुक्याला गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसले. आत जायचं की बाहेर थांबायचं, कुणाला विचारवलं नाही. शिपाई दारात येऊन नावं पुकारायचा आणि दर वेळी मी मान वर करून ऐकायची. दुपार झाली, संध्याकाळ झाली. माझं नाव काही आलं नाही. वाटलं, आज आपली पाळी नसेल. घरी आले.

पुढच्या महिन्यात तोच पोलीस परत आला. मी सारंगा मासा कापत होते.

"बाई, वॉरंट आहे तुमच्यावर. तारखेला गैरहजर राहिलात."

"मी आले होते, दादा. दिवसभर बाकावर बसले होते."

"तीन वेळा पुकारलं तुम्हाला." आणि त्याने नाव वाचून दाखवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात. पण माझं सासर आणि माहेर एकाच गावात, आळी तेवढी वेगळी. सासूसकट सगळ्यांनी जुन्याच नावाने हाक मारली. नवं नाव राहिलं रेशनकार्डावर आणि बँकेत. कागदावर ते मला ओळखू येतं, सही पण त्याच नावाची करते. पण कानांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. त्यात शिपाई आधी आडनाव, मग नाव, मग नवऱ्याचं नाव असं एका दमात ओरडलेला. मी दुसऱ्याच नावाची वाट बघत बसले होते.

वॉरंट जामीनपात्र होतं. म्हणजे कुणी हमी राहिलं तर लगेच नेत नाहीत. दीर जामीन राहिले. पण जाताना पोलीस म्हणाला, "आता चुकलात तर उचलून न्यावं लागेल." त्यानंतर दारात मोटरसायकल वाजली तरी मी मागच्या पडवीत जायची.

पुढच्या तारखेला बाकावर एक म्हातारी कोळीण शेजारी बसली. तिचा जमिनीच्या वाटणीचा दावा सासूच्या काळापासून चाललेला. मला रडताना बघून तिने सगळं विचारून घेतलं आणि हसायलाच लागली.

"अगो, तो पुकारा मी ऐकलाय! येवढा गोड नाव, मला वाटला कोन मास्तरीन हाय. ती तू व्हय?"

"मावशी, मला तुरुंगात घालतील का?"

"आरोपी म्हंजे चोर न्हाय गो. ज्याच्यावर आरोप, तो आरोपी. खरा का खोटा ते मागनं ठरतं. तक्रार केली तो फिर्यादी. आता आत साहेब इचारतील, गुन्हा कबूल हाय का. लगेच व्हय म्हनू नको. पैसे देनं कबूल करायचं ते येगळं, गुन्हा येगळा."

"मला बोलताच येत नाही तिथे."

"मंग वकील माग. परवडत न्हाय म्हन, सरकार फुकट देतंय. आनि तुझा नाव आज मी ऐकते, तू नुसती ऊठ."

पुकारा झाला, तिने कोपर मारलं, मी उठले. आत गेले. साहेबांनी विचारलं, मागच्या वेळी का आला नाहीत? मी म्हटलं, "आले होते, पण मला त्या नावाने कुणी हाक मारत नाही." मागे वकील हसले. साहेब हसले नाहीत. थोडा दंड घेऊन त्यांनी वॉरंट रद्द केलं. वकील मागायचं वाक्य मी एसटीसारखी धाप टाकत बोलले, पण बोलले.

सरकारने दिलेली वकीलबाई तरुण होती. तिने व्यापाऱ्याशी तडजोडीचं बोलणं केलं.

व्यापारी म्हणाला, "ताई, मला तरी कोर्टात यायची हौस आहे का? नोटिशीनंतर एकदा दुकानात आला असतात तर इथवर आलंच नसतं."

हप्ते ठरले. एक जरी चुकला तरी खटला पुढे चालणार, आणि मग शिक्षाही होऊ शकते, हे वकीलबाईने लपवलं नाही. म्हणून कानातल्या कुड्या मोडल्या, पावसाळ्यात मासळी बंद तेव्हा पर्यटकांच्या कॉटेजवाल्यांकडे भांडी घासली. हप्ता चुकू दिला नाही.

शेवटचा हप्ता कोर्टातच दिला. व्यापाऱ्याच्या वकिलाने पुरसीस दिली. पुरसीस म्हणजे कोर्टाला लिहून दिलेलं म्हणणं. साहेबांनी व्यापाऱ्याला विचारलं, "सगळी रक्कम मिळाली?"

"मिळाली साहेब, पूर्ण मिळाली. माझी काही तक्रार नाही."

साहेबांनी खाली बघत लिहिलं आणि प्रकरण निकाली निघालं. व्यापाऱ्याचं आता माझ्याकडे एका पैशाचंही देणं राहिलं नव्हतं.