पुसायचं का वर चढवायचं?

कॉम्प्युटरच्या डब्यावर ते आधी तळवा ठेवायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मशीन किती तापलंय, आतला पंखा घरघरतोय का, हे त्यांना तेवढ्यानं कळायचं. मग खुर्ची ओढून बसायचे, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि विचारायचे, "बोला. पुसायचं का वर चढवायचं?"

तुमच्या घरी किंवा ऑफिसात ते कधी आले असतील, तर हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. जुन्या मशीनमध्ये नवी सिस्टीम घालायच्या दोन रीती. एक, आतलं सगळं पुसून कोऱ्या जागेवर नवी घालायची. दुसरी, जुन्यावरच नवी चढवायची, म्हणजे आतलं सामान जिथल्या तिथं राहतं. पहिलीनं मशीन पळतं. दुसरीला वेळ लागतो, जुना कचराही सोबत येतो, पण काही हरवत नाही. मिस्त्रींचा कल कायम दुसरीकडे.

आम्ही त्यांना मिस्त्री म्हणायचो. वडील गवंडी होते. मुलानं थापी कधी हातात धरली नाही, पण नाव घराण्याबरोबर आलं ते राहिलं. केडगावला पुणे रस्त्यावर फ्लेक्सवाल्याच्या शेजारी त्यांचं दुकान होतं. तिथं उघडी पडलेली मशीनं, तारांची भेंडोळी आणि धूळ. "दुसऱ्यांची मशीनं साफ करता, दुकान कधी साफ करणार?" असं विचारलं की म्हणायचे, "दुकान पुसलं तर स्क्रू सापडत न्हाई सर."

काम फार हळू करायचे. शाळेचं मशीन नेलं की आठवडा गेलाच म्हणून समजायचं. फोन केला की "चढतंय, चढतंय" एवढंच उत्तर. आम्ही वैतागायचो. पण आमच्या मंडळीचे ते सभासद, रविवारी शेवटच्या बाकावर बसणारे, त्यामुळे चर्चच्या ऑफिसातलं कॉम्प्युटरचं काम त्यांच्याकडेच. मी निवृत्त शिक्षक, कमिटीचा सेक्रेटरी, म्हणून त्यांच्याशी बोलणं माझ्याकडे.

त्यांचा एक नियम होता. कुणी पुसायचंच म्हणालं, तर मालकाला शेजारी बसवायचे, एकेक फोल्डर उघडायला लावायचे आणि विचारायचे, "हे जाऊ द्यायचं?" मान हलवून चालायचं नाही. "तोंडानं सांगा." मालकानं तोंडानं "जाऊ द्या" म्हटल्यावरच पुढं सरकायचे. ठेवायच्या वस्तूंची कॉपीसुद्धा मालकानंच करायची. "मी घेतली तर तुमी बघनार न्हाई," म्हणायचे, "आन् न बघितलेलं गेलं, तर ते कुनाचं गेलं?"

हा नियम कुठून आला ते त्यांनी एकदा सांगितलं. धंदा नवा असताना एका फोटो स्टुडिओचं मशीन त्यांनी मालकाच्या भावाच्या शब्दावर पुसलं होतं. आत कुणाकुणाची लग्नं होती. "लोकांचे नवरा-नवरी पुसले सर मी," ते म्हणाले. हसत म्हणाले, आणि पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसायला लागले.

आता चर्चच्या मशीनमध्ये काय होतं ते सांगायला हवं.

आमच्या मंडळीत जुन्या बायांचा एक मेळा होता. नऊवारीतल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. येशूच्या जन्माची, मरणाची भजनं त्या आपल्या जुन्या चालींवर म्हणायच्या. पुस्तकात ती नव्हती. एकेक बाई जायला लागली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "सर, धरून ठिवू." मग कित्येक रविवार उपासना संपली की मागच्या खोलीत आम्ही रेकॉर्डिंग करत बसलो. माईक मी धरायचो, मशीन ते बघायचे.

मिस्त्रींची आईही त्यात होती. त्यांचं गाव जामखेडच्या रस्त्याला. ती लेकाकडे राहायला आलेली. माईक समोर आला की प्रत्येक भजनाआधी ती खोकायची आणि विचारायची, "चालू झालं का रं?" ते म्हणायचे, "व्हय. म्हन." मग ती डोळे मिटायची.

तिचं ऐकताना एकदा मिस्त्री माझ्या कानाशी म्हणाले, "आपली मंडळी बगा सर. पुसलेली न्हाई, वर चढवलेली हाय. गानं येशूचं, चाल जात्यावरची." मी त्यांना हातानं गप्प केलं, कारण ते रेकॉर्ड होत होतं. बायांच्या भजनांचं जे फोल्डर झालं, त्यात ते वाक्यही होतं.

पुढं काही वर्षांत त्या बाया एकामागून एक प्रभूत निजल्या. मिस्त्रींची आईही गेली. फोल्डर ऑफिसच्या मशीनमध्ये राहिलं. तुमच्या आईचा आवाज तरी घरी न्या, असं मी म्हटलं होतं. म्हणाले, "मंडळीचं हाय ते. आईचं एकटीचं काढून नेलं तर बरं दिसत न्हाई."

मग नव्या विंडोजची वेळ आली. नाताळ तोंडावर होता. कमिटीनं प्रोजेक्टर घेतला होता, पडद्यावर गीतं दाखवायची होती आणि जुनं मशीन अडकत होतं. मिस्त्री आले, तळवा ठेवला. "वर चढवू सर. वेळ लागंल, पन सगळं राहील."

"किती वेळ?"

"चढंल तवा चढंल."

मला तरुण सभासदांसमोर काम करून दाखवायचं होतं. मी म्हणालो, "नाही. पुसा. नवं म्हणजे नवं असू द्या."

"मग बायांचं फोल्डर तुमी पेन ड्राइव्हवर घ्या. या मशीनची डिस्क एकच हाय, कप्पे पाडलेले न्हाईत. पुसली की आख्खी जाती."

मी घेतलं. स्क्रीनवर फोल्डरचं चित्र होतं, ते ओढून पेन ड्राइव्हवर टाकलं. क्षणात झालं. इतक्या लवकर कसं, असं मनात आलं होतं. म्हणून तिथंच पेन ड्राइव्हमधून उघडून बघितलं, तर सगळी भजनं वाजली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. खुर्ची ओढली, मला शेजारी बसवलं.

"घेतलं सर?"

"घेतलं. वाजवूनही बघितलं."

"दुसऱ्या मशीनवर वाजवून बघितलं का?"

घरी लॅपटॉप होता. पेन ड्राइव्ह लावायला दोन मिनिटं लागली असती. माझा कंटाळा, आणि पुन्हा शाळकरी पोरासारखी तपासणी नको, एवढंच कारण. दुसरं कुठलंही कारण आज शोधलं तरी मिळत नाही.

"हो," मी म्हणालो.

"जाऊ द्यायचं?"

"जाऊ द्या."

"तोंडानं म्हनालात बरं का," असं म्हणून ते हसले आणि त्यांनी कळ दाबली.

नाताळच्या उपासनेत एका कुटुंबानं आपल्या आजीचं भजन लावायची विनंती केली होती. नातवंडं पुण्याहून आली होती. मी पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर त्या फोल्डरचं चित्र आलं, कोपऱ्यात वाकडा बाण असलेलं. दाबलं तर सूचना आली की ही वस्तू सापडत नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. सगळी मंडळी मान वर करून ती सूचना वाचत होती.

शेवटच्या बाकावरून मिस्त्री पुढं आले. त्यांनी तो बाण बघितला आणि त्यांना सगळं कळलं. मी फोल्डर घेतलंच नव्हतं. फोल्डरकडे नेणारी वाट तेवढी घेतली होती. त्याच मशीनवर ती वाट चालत होती, कारण घर जागेवर होतं. आता वाट होती आणि घर नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर लावलं असतं तर हे पुसायच्या आधीच दिसलं असतं.

उपासनेनंतर मागच्या खोलीत कमिटी जमली. त्याच खोलीत. एका सभासदानं विचारलं, "मिस्त्री, पुसायच्या आधी विचारलं नव्हतं का?"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो. आधीच गुंडाळलेली होती ती. सोडून पुन्हा गुंडाळत होतो.

"मशीन माज्या हातात हुतं," ते म्हणाले.

तेव्हा मी बोललो. गप्प राहिलो असतो तरी पाप कमी झालं असतं. मी म्हणालो, "नाताळची घाई होती. विचारायचं राहिलं असेल त्यांचं."

ते एक वाक्य खोलीतून बाहेर पडलं आणि गावभर झालं. मिस्त्री हळू आहेत, दुकान घाण आहे, हे लोक चालवून घेत होते. पण ते विचारल्याशिवाय पुसत नाहीत, एवढ्यावर त्यांचा धंदा होता. तेच मी काढून घेतलं. शाळेनं दुसरा माणूस बघितला. दवाखान्यानं बघितला. एका ऑफिसात तर क्लार्क माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "मिस्त्री, विचारून पुसा हां! नाहीतर आमची पगारबिलं स्वर्गात!" सगळे हसले. मिस्त्रीही हसले.

चर्चची ती डिस्क त्यांनी घरी नेली. गेलेलं परत मिळतं का बघतो म्हणाले. किती दिवस त्याच्यामागं होते कुणास ठाऊक. मला त्यांनी काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

दुकान बंद झालं. शिर्डीला एका लॉजमध्ये काउंटरवरची मशीनं सांभाळायला ते लागले. सुट्टीला केडगावला यायचे, रविवारी शेवटच्या बाकावर दिसायचे. बाहेर पडताना माझ्याशी हात मिळवायचे. "सर, तब्येत?" "बरी आहे." माझं मशीन कसं आहे हे ते आता विचारत नसत, आणि तो त्यांचा प्रश्न तर मला पुन्हा कधी ऐकायला मिळाला नाही. मी दर वेळी ठरवायचो, पुढच्या रविवारी बोलायचं. मग नाताळ झाल्यावर. मग ईस्टरला. तेव्हाची ती नवी विंडोज आता जुनी झाली, तिच्याही जागी पुढची आली. मी ठरवतच राहिलो.

पावसाळ्याच्या शेवटी शिर्डीला त्यांच्या छातीत कळ आली. नगरला आणेपर्यंत संपलं होतं.

गेल्या रविवारी मंडळीत उभं राहून मी हे सगळं सांगितलं आहे. ऐकणाऱ्यांत बरेच नवे होते. त्यांना मिस्त्री कोण तेही माहीत नव्हतं. जे बाहेरगावी आहेत आणि ज्यांच्यापर्यंत माझं ते जुनं वाक्य पोहोचलं होतं, त्यांच्यासाठी हे लिहिलं. पण सांगायचं धैर्य माझं नव्हतं. ते मला कुणी सांगायला लावलं, तेवढं सांगून थांबतो.

माती झाल्यावर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीनं चहा ठेवला, मग मोबाईल आणला. "त्या डिस्कमधून हे एवढंच निघालं हुतं," त्या म्हणाल्या. "लई झटले. बाकी समद्यावर नवीन बसलं हुतं म्हनं." आणि त्यांनी ते लावलं.

एक खोकला. मग म्हातारीचा आवाज, "चालू झालं का रं?" मग मिस्त्रींचा, तरुण, "व्हय. म्हन." आणि तिथं ते संपलं. भजन नव्हतंच.

त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. "सर, एक इचारू का? तुमी हुता तिथं. त्या दिवशी ते खरंच इचारायचं इसरले हुते का ओ? मी लई येळा इचारलं, पन त्यांनी कवा सांगितलंच न्हाई. मलाबी वाटायचं, इसरले असतील."

त्यांच्या घरातसुद्धा माझंच वाक्य राहत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"विचारलं होतं," मी म्हणालो. "तीनदा विचारलं. मी खोटं सांगितलं."

त्यांनी माझ्यापुढचा कप बाजूला सारला. चहावर साय धरली होती. मग म्हणाल्या, "हे मंडळीत सांगा. समद्यांफुडं. तोंडानं."

मी मान हलवली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"सांगतो," मी म्हणालो.

उठून दाराशी आलो, चपला घालायला वाकलो. मागं त्यांनी मोबाईल पुन्हा उचलला होता.

"चालू झालं का रं?"

"व्हय. म्हन."