खांदे मळलेली मोटार

चुकीच्या रीतीनं बरोबर काम करणारा माझ्या मामांसारखा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो मामांचाच चेला निघेल. बोरीत त्यांचं घर, थोडी कोरडवाहू जमीन, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूला जनावर समजून वागवायची खोड. घरात नवी वस्तू आली की आधी तिच्या पाठीवर थाप मारायची, मग हळदकुंकू लावायचं, मग दोन शब्द समजुतीचे सांगून तिला कामाला लावायचं. पिंगळीच्या स्टेशनात गाडी उशिरा आली तर सगळे प्रवासी रेल्वेच्या नावानं बोटं मोडतात, मामा मात्र इंजिनाकडं बघून "थकलंय बिचारं" म्हणतात. आपल्या पहिल्या टच मोबाइलला तर त्यांनी इतक्या श्रद्धेनं हळद लावली, की ती चार्जिंगच्या भोकात जाऊन बसली आणि मोबाइल कायमचा मुका झाला. दुकानदार हसला, तर मामा त्याच्यावरच उखडले, "देवाचं लावल्यानं कुठं बिघडत असतंय का? तुजा मालच कच्चा हाय!"

पण शिंगं रंगवावीत मामांनीच. पोळ्याच्या सकाळी त्यांच्या अंगणात निम्म्या गावाचे बैल उभे असायचे. मधोमध हिंगुळाचा लालभडक पट्टा, त्याला केसाएवढी पिवळी किनार, टोकाला चमचमणारी बेगड. किनार ओढताना मामा श्वास रोखायचे आणि बैलसुद्धा रोखतो असं आम्हा भाच्यांना वाटायचं. मागच्या पोळ्याला मात्र हात थरथरला आणि शेजारच्या नामदेवच्या हरण्या बैलाच्या पापणीवर रंगाचा थेंब पडला. बैलानं नुसती मान झटकली. नामदेवनं मामांच्या हातातला ब्रश अलगद काढून घेतला आणि म्हणाला, "राहू द्या मामा, आता तुमी बसा." चार शिव्या दिल्या असत्या तर मामांनी आठ परत केल्या असत्या, पण इतक्या आदबीनं बोलल्यावर माणूस काय करणार? त्या दिवसापासून मामांचा उजवा हात खिशात गेला. चहाची बशीसुद्धा ते डाव्या हातानं उचलू लागले.

मी त्यांना परभणीला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, वयाचं आहे, हाताला काही बारीक काम देत जा. मामींनी घरी आल्याआल्या गव्हाची परात पुढ्यात सरकवली. मामा फुरंगटले. "हिंगूळ धरलेला हात हाय ह्यो. खडे कामून निवडू?" म्हणून मग मी शक्कल लढवली आणि प्लास्टिकच्या मोटारीचा एक संच मागवला. सुटे भाग जोडायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की पंजाएवढी जुन्या घाटाची ऐटबाज मोटार तयार. असलं काही मामांनी जन्मात केलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मीही नव्हतं.

सगळे भाग एका चौकटीला दांड्यांनी लागलेले होते आणि प्रत्येकाशेजारी त्याचा नंबर होता. मी माहितीचा कागद उलगडेपर्यंत मामा "आरं, ही तर लगडलेली तूर हाय की!" म्हणाले, सगळे भाग शेंगांसारखे तोडून त्यांनी सुपात टाकले आणि वर सवयीनं सूप पाखडलंसुद्धा. नंबर राहिले चौकटीला. बाजूचा एक आरसा कोंबडीनं गिळला असा मामींचा आजही संशय आहे. मी कपाळाला हात लावला, तर मामा मलाच समजावू लागले, "बैलाचं खूर कुठं आसतंय ते कागदात बघावं लागतंय का, भाच्या?" आणि खरोखरच त्यांनी अंदाजानं मोटार जुळवत नेली. मधे एकदा अंगठा बॉनेटला चिकटला, तेव्हा मामी म्हणाल्या, "आता जेवायला बी तिला घिऊनच बसा." पण एका दुपारी मोटार चार चाकांवर उभी राहिली आणि, देवाशपथ सांगतो, चाकं फिरत होती! खिशातला हात कधी बाहेर आला ते मामांना कळलंही नव्हतं.

रंग मात्र ते पोळ्याच्या दिवशीच देणार होते. "किनार सरळ आली तर हात हाय आजून. न्हाई आली तर ब्रश चुलीत," असं त्यांनी मला बजावून सांगितलं.

पोळ्याच्या सकाळी मी बोरीला पोचलो तेव्हा मामा अंघोळ करून, टोपी घालून, मोटारीपुढं बसले होते. ब्रश लाल रंगात बुडवला, श्वास रोखला आणि चाकावरच्या फुगवट्यावरून पट्टा ओढला. रंग काही धरेना. थेंब थेंब होऊन घरंगळायला लागला. दुसऱ्यांदा ओढला, तोही घसरला. मामांचा चेहरा पडला. हात आता खरंच थरथरायला लागला. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "गेला रं हात, भाच्या."

तेवढ्यात पुरणानं माखलेल्या हातानंच मामी बाहेर आल्या. "हाताला कामून बोल लावायलाव? काल सांजच्याला तिला तूप कुणी चोळलं?"

मग उलगडा झाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून शिणलेल्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. मामांचे स्वतःचे बैल काही वर्षांपूर्वीच गेले, पूजेला आता मातीचे बैल असतात. त्यामुळं यंदा खांदे मळायला दारात होती ती एवढीच मोटार! "उद्या रंगवायची म्हणल्यावर आज मळाया नगं का?" मामा पुटपुटले. मी हसत सुटलो. मामींनी मोटार भांड्यांच्या साबणानं खसाखसा धुतली, पदरानं कोरडी केली आणि पुढ्यात ठेवली. मामांनी पुन्हा ब्रश उचलला. लाल पट्टा बसला. त्यावर पिवळी किनार अशी सरळ आली, की मीच श्वास सोडायला विसरलो. दिव्यांच्या जागी त्यांनी शिंगांची उरलेली बेगड डकवली.

मोटार पाटावर मातीच्या बैलांशेजारी मांडली आणि मामांनी तिच्या बॉनेटवर पुरणपोळीचा घास ठेवला. नामदेव हरण्याला घेऊन मारुतीच्या देवळाकडं निघाला होता, तो दारात थबकला. "कुणी रंगवली वो?"

मामी म्हणाल्या, "ज्याच्या हातातला ब्रश घेतला हुता, त्यानं."

नामदेवनं मान खाली घातली. मग हरण्याला सरळ अंगणात आणून उभं केलं. "मामा, माज्याकडनं पट्टा लय वाकडा आलाय. तेवढी किनार..."

मामा उठले. उजव्या हातात ब्रश होता. "आधी शिंगाला तूप लागलंय का बघ," ते कडक आवाजात म्हणाले, "आन् पुसून घे." हात शिंगापर्यंत जाईतो थरथरत होता, टेकला आणि थांबला. हरण्याच्या पापणीवर यंदा काही पडलं नाही. हे माझे मामा आहेत, असं रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं मला.

बोरीत बैल दरवर्षी कमीच होत चाललेत. ती मोटार मामांनी मला देऊन टाकली, परभणीला माझ्या टेबलावर असते. एका चाकाच्या वर अंगठ्याएवढ्या जागी रंग धरलेलाच नाही, तिथलं तूप निघालं नव्हतं. तेवढं रंगवून घेऊ का, असं मी एकदा फोनवर विचारलं.

"नगं," मामा म्हणाले. "खांदा हाय त्यो तिचा."