शिक्का मारलेला टायर

बालाघाटच्या ज्या लाकडाच्या वखारीत मी साठच्या दशकात पत्रव्यवहार सांभाळत होतो, तिथं कुठलीही वस्तू झिजत नसे, तुटत नसे, कुजत नसे. ती चोरीला जात असे. बैहरच्या जंगलातल्या लाकडावर आयुष्य काढलेल्या लोकांची ती पक्की समजूत होती. ओंडका कमी भरला की कोणी नेला एवढंच विचारायचं. का कमी भरला, हे विचारत बसलं तर तेवढ्यात चोर पसार होईल, असं त्यांना मनापासून वाटे.

या समजुतीचे मुख्य आचार्य खुद्द मालक. हा माणूस कटंगीकडून रिकाम्या हातांनी आला होता; आता खाकी हॅट घाली आणि लोकांनी आपल्याला साहेब म्हणावं म्हणून झुरे. जीपच्या बॉनेटवर त्यानं झेंड्याची पितळी काठी बसवून घेतली होती. झेंडा लावायचा अधिकार नसल्यामुळं काठी बोडकीच उभी असे. पण तीच पाहून नाक्यावरचा शिपाई बिडी विझवून उठे, आणि मालकाचा दिवस सार्थकी लागे.

जीपचा ड्रायव्हरही काही संत नव्हता. तोंडाचा फटकळ, आणि टाकीत रबरी नळी घालून पेट्रोल काढणारा. हे वखारीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. माझं त्याचं कधी पटलं नाही. माझ्या टेबलावर पुस्तक दिसलं की तो म्हणे, "येवढं वाचून बी आमच्याच वखारीत बसले नं, बाबू?" ते खरं होतं, म्हणून तो मला अधिकच आवडत नसे.

एकदा बैहरच्या घाटात जीपचा पुढचा डावा टायर फुटला. जीप दगडाला अडकून थांबली म्हणून आतले मालक वाचले. हॅट मात्र दरीत गेली. टायर वखारीत आणून पाहिला, तर बाहेरच्या बाजूची नक्षी नवी कोरी आणि आतल्या बाजूला धागे निघालेले. टायर होळीनंतरच बसवलेला होता.

"नवा टायर इकला, जुना घातला, अन् चांगली बाजू भायेर ठेवली," मालक म्हणाले. "मले येडा समजते का बे?"

"मी काहून इकीन, मालक? स्टेअरिंग ओढते म्हून मी कवापासून सांगून राह्यलो. कोणी आयकलं?"

"तुह्यं कोण आयकन? तू तोंड उघडलं का खोटं."

मालकांनी त्याचं लायसन काढून घेतलं आणि तिजोरीत टाकलं. नवा टायर येईल, त्यावर वखारीचा शिक्का बसेल. पुन्हा असं झालं तर लायसन जाळायचं आणि ह्याला ठाण्यात द्यायचं, असा हुकूम निघाला. ड्रायव्हरला दुसरं काही येत नव्हतं. लायसन गेलं तर त्याला ना जीप मिळणार होती, ना बस, ना उकव्याच्या खाणीवरचा ट्रक. तोवर मात्र तो बिनलायसनचाच जीप चालवणार होता. झेंड्याची काठी असलेल्या गाडीला लायसन विचारायची नाक्यावर कुणाची छाती नव्हती.

शिक्का मारायचा समारंभ मालकांनी स्वतः केला. ओंडक्यावर खूण उमटवायचा लोखंडी हातोडा त्यांनी सगळ्यांदेखत टायरवर हाणला. रबर ते रबर. हातोडा उसळून त्यांच्या नव्या हॅटीला लागला. कोणी हसलं नाही, कारण सगळे पगारी होते. मग हातोडा भट्टीत लाल करून टायरच्या अंगावर टेकवला. दिवसभर वखारीत मढं जळल्यासारखा वास येत होता.

महिना-दीड महिन्यात शिक्क्याच्या टायरचीही आतली कड गेली. शिक्का जागच्या जागी होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस चाकाकडं पाहील.

"शिक्का खोटा हाय," मालक म्हणाले. "तसा बनवता येते."

ओंडक्यांवर जंगलखात्याचे खोटे शिक्के उठवूनच ते मोठे झाले होते; तसा बनवता येतो हे त्यांच्याइतकं जिल्ह्यात कुणाला माहीत असणार! मी वाकून टायरवरून हात फिरवला. बाहेरून आत नेला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर करवतीसारखा बोचत होता. चाक सरळ न चालता फरफटत होतं. जीपबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक वखारीत फक्त मीच उघडलं होतं. मी म्हटलं, "मालक, चाक जॅकवर घ्या. आणि ब्रेकवर पाय तुम्हीच ठेवा. दुसऱ्या कुणाच्या पायावर तुमचा विश्वास बसायचा नाही."

ते आत बसले, ब्रेक दाबला. मी चाक वर-खाली धरून हलवलं. खटक, खटक. नुसती बेअरिंग सैल असती, तर ब्रेक दाबल्यावर चाक हलायचं थांबलं असतं. चाक तरीही डुलत होतं. म्हणजे ज्या किंगपिनवर ते वळतं, तीच झिजलेली. पहार घालून पाहिलं, तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या टोकाचे बुशही गेलेले. चाक वरून आत कललं होतं आणि आतल्या कडेवरच धावत होतं. प्रत्येक खटक्याबरोबर मालकांची सीट हलत होती.

"हलते," ते शेवटी म्हणाले, जणू चाकानंच त्यांचा अपमान केला होता.

"म्हणजे हा चोर आहे," मी सगळ्यांसमोर ड्रायव्हरकडं बोट दाखवून म्हटलं, "पण पेट्रोलचा. टायरचा नाही."

ड्रायव्हर लाल झाला. "तुमाले कोणी इचारलं होतं बाबू, पेट्रोलचं?"

नागपूरहून किंगपिन आणि बुश आले, गोंदियाच्या मिस्त्रीनं बसवले, आणि तिसरा टायर दोन्ही कडांनी सारखा झिजू लागला. दसऱ्याला जीपच्या पूजेत मालकांनी भाषण केलं आणि चाकातला दोष आपण एका पायानं कसा पकडला ते सांगितलं. माफी कुणाची मागितली नाही. लायसन तेवढं तिजोरीतून काढून पूजेच्या ताटातून परत दिलं, बक्षीस द्यावं तसं.

ड्रायव्हरनं ते खिशात घातलं, जीपची किल्ली त्याच ताटात ठेवली आणि तो गेला. काही दिवसांनी तो कटंगीवरून तुमसरला जाणारी बस चालवताना दिसला. पेट्रोलचा चोर, टायरचा नाही, हे माझं वाक्य मला आजही अचूक वाटतं. त्याला ते कधी वाटलं नाही. मी रस्त्यावर हात दाखवला की तो बस थांबवायचा, पण बरीच पुढं नेऊन. मी धावत जाऊन दार धरलं की आरशात पाहून म्हणायचा, "या बाबू, या. पेट्रोल हाय आज गाडीत."