पन्नास नि पन्नास साडेशहाण्णव

आईशप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे थोडं इकडेतिकडे असेल, पण मीटरच्या चुकीएवढंच. अंबडच्या आमच्या सॅनिटायझर कंपनीत असे किस्से ड्रमसारखे एकावर एक रचलेत.

मी लॅबमध्ये. प्रोबेशनवर. पर्मनंट करायचं लेटर कुलथे साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, सहीविना.

मिश्रणाची घनता काढायची साहेबांची पद्धत अशी: पाण्याची घनता एक, अल्कोहोलची पॉइंट एकोणऐंशी. दोन्ही निम्मं-निम्मं, मग सरासरी काढायची, म्हणजे साधारण पॉइंट नव्वद. विषय संपला! घनता मोजायचा मीटर मात्र पॉइंट त्र्याण्णव दाखवायचा. साहेब म्हणाले, मीटर बिघडलाय. नवा आणला. तोही बिघडलेला. तिसरा तर पॅकिंगमधूनच बिघडून आला म्हणे.

*

मग पन्नास लिटर पाण्यात पन्नास लिटर अल्कोहोल ओतलं. भरलं साडेशहाण्णव.

साडेतीन लिटर कुठे गेलं म्हणून साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पाण्याचे नि अल्कोहोलचे रेणू एकमेकांच्या फटीत बसतात, म्हणून जागा कमी लागते, हे मी समजावलं.

"कुठे बसलेत? दाखव."

आता काय दाखवू!

"आमच्या येवल्यात पन्नास नि पन्नास शंभरच होतात."

"साहेब, येवल्यातपण साडेशहाण्णवच होतात."

हे बोलायला नको होतं.

*

दुसऱ्या दिवसापासून गेटवर माझं तोंड हुंगायला वॉचमन खैरनार काका. बीएस्सी केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आणि सुटी झाली की आ करून उभा! काका सटाण्याकडचे, प्रामाणिक माणूस. हुंगून रोज साहेबांना रिपोर्ट द्यायचे, "फक्त कांदा शे, साहेब."

त्यावर साहेबांचं म्हणणं, वास मारायलाच कांदा खातो.

*

शेवटी साहेब म्हणाले, मीच मिसळतो. यावेळी शंभर भरले, तर तुझं लेटर फाडतो.

सगळ्यांना बाहेर काढलं. आतून कडी. खिडकीला पुठ्ठे. बाहेर आम्ही नि काका.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. साहेब कुणाकडे न बघता सरळ काकांसमोर गेले, हात मागे बांधले आणि आ केला.

लेटरवर सही करताना मला म्हणाले, "हे बाहेर कुणाला सांगू नको." म्हणून फक्त तुलाच सांगतोय.

चल, बिल आलं. अर्धे तू, अर्धे मी? वेडा आहेस का! एकत्र केले की कमी भरतात. सगळे तूच दे.