मुराळ्याची मोटार

मोटार विकत घेऊनही आयुष्यभर पायीच चाललेला माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा थोरला भाऊ. बेळगावच्या शहापुरात आमचं साड्यांचं दुकान होतं. अण्णा दुकानात चालत जाई, बाजार चालत करी, लग्नाकार्यालाही चालतच जाई, आणि दारात ताडपत्रीखाली चार दारांची, पक्क्या छपराची मोटार उभी असे. कोणी विचारलंच तर, "आजून तयार न्हाय," एवढंच सांगे. कधी तयार होणार, हे मात्र विचारायची सोय नव्हती. तो विचारणाऱ्याला हाताला धरून गाडीखाली नेई आणि बिचारा दुपार कलल्यावर तेलाने माखून बाहेर येई. कडक इस्त्रीचे सदरे घालणारे एक शेजारी तर आमचं घर टाळून मागच्या बोळाने जात.

ही मोटार त्याने माझ्यासाठी घेतली होती. हे सांगताना मला अजून हसू येतं. आईवडील लवकर गेले, त्यामुळे माझं माहेर म्हणजे अण्णाच. मला दिली निपाणीला, तंबाखूच्या वखारवाल्यांच्या घरी. नागपंचमीला लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला आम्ही मुराळी म्हणतो. मुराळी आल्याशिवाय लेकीने उंबरा ओलांडायचा नाही, अशी सासरची रीत. आणि पंचमी हुकली की पुढे तंबाखूची कामं सुरू, म्हणजे वर्षाचं माहेर गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला अण्णा सर्व्हिस मोटारीने, म्हणजे भाड्याच्या उतारू गाडीने आला. माझ्या सासूला सगळे आत्याबाई म्हणत. त्यांनी त्याला पोटभर पुरणाची दिंडं खाऊ घातली आणि सांगितलं, की आमची सून कोंबड्या आणि पोत्यांच्या गर्दीत परक्यांच्या मांडीला मांडी लावून जाणार नाही, घरची गाडी असेल तर न्या. अण्णा हात धुऊन उठला. पुढच्याच महिन्यात कॅम्पातला पलटणीचा एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची वापरलेली मोटार अण्णाने घेतली.

घेतली, आणि लगेच खोलली. चांगली चालत होती म्हणे. पण दुसऱ्याच्या हातची गाडी आतून बघितल्याशिवाय तिच्यात बहिणीला कशी बसवायची, हा त्याचा सवाल. मिस्त्रीला तो गाडीजवळ फिरकू देत नसे. "परक्यानं नाडी बघितली की दुखणं वाढतंय," असं म्हणे. जुनं धोतर अंगणात पसरून त्यावर इंजिनाचे भाग ओळीने मांडी आणि पुन्हा जोडी. जोडून झालं की एखादा नट, नाही तर एखादी चकती उरायचीच. ती तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवी. "तिची जागा कळंस्तवर देवाजवळ ऱ्हाऊ दे," म्हणे. वहिनी बाकीच्या देवांबरोबर त्या चकत्यांनाही हळदकुंकू वाही. शेवटी देव्हाऱ्यात खऱ्या देवांना अंग चोरून बसायची वेळ आली. सीटांना खोळी होत्या दुकानातल्या डाग लागलेल्या साड्यांच्या, पण काठ बरोबर पाठ टेकण्याच्या जागी यायला हवा म्हणून वहिनीला त्या कितीदा उसवायला लागल्या, ते तिलाच ठाऊक. आणि पत्र्याला चकाकी यावी म्हणून त्याने खोबरेल चोळलं, तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री रात्रभर गाडी चाटत होती.

दर पंचमीला तो निघे मात्र नेमाने. मी निपाणीला नवा चुडा भरून, वेणी घालून, बोचकं बांधून सोप्यात बसे. गाडी घेतल्यावर पहिल्या वर्षी तो काकतीला अडकला, म्हणजे बेळगावच्या वेशीतच. सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरने तसा निरोप आणला. दुसऱ्या वर्षी संकेश्वरापर्यंत आला आणि तिथे नदीकाठी धोतर पसरून बसला. ड्रायव्हर म्हणाला, "त्यास्नी म्हटलं, चला माझ्या गाडीतनं. तर म्हणत्यात, गाडी टाकून कसा येऊ." मी मनात धरलं, की दरवर्षी जवळ जवळ येतोय, तेव्हा एक दिवस पोचेलच. तिसऱ्या वर्षी तवंदीच्या घाटात पाणी उकळून गाडी बसली. घाट म्हणजे निपाणीच्या उशाशी. आमच्या यजमानांनी बैल पाठवले, आणि माझा मुराळी बैलांनी ओढलेल्या मोटारीत बसून वाजतगाजत दारात आला. बैलच जुंपायचे होते तर एवढा लोखंडाचा डोंगर कशाला घेतला, असं आत्याबाईंनी विचारलं, आणि त्या वर्षी सगळी निपाणी हाच सवाल करत होती. अण्णाने दिवसभर खपून गाडी चालू केली. मी बोचकं घेऊन दाराशी आले, तर तो मान खाली घालून म्हणाला, "हिच्यात तुला बसवत न्हाय गं. वाटंत पावसात तुला उभी करू काय?" आणि एकटाच निघून गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. कोणी विचारलं तर धूर लागला असं सांगितलं, आणि चूल तर पेटलेलीच नव्हती.

मग लढाई आली आणि पेट्रोल कुपनावर गेलं. मी आशा सोडली. अण्णाने सोडली नव्हती. त्याने वर्षभर गाडी जागची हलवली नाही, मिळेल तेवढं पेट्रोल डब्यात साठवलं, आणि पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या दारात भोंगा वाजला. गाडी न्हाऊमाखू घातल्यासारखी लखलखत होती, आणि बैलांविना आली होती. अण्णा खाली उतरला आणि माझ्याकडे बघून नुसता हसला. येण्याजाण्यापुरतं पेट्रोल आहे, थेंबभरही जास्त नाही, लवकर आटप, म्हणाला. मी आत धावले.

बोचकं घेऊन बाहेर आले तेव्हा आत्याबाई गाडीच्या उघड्या दाराशी उभ्या होत्या. सीटवरच्या साडीच्या काठावरून हात फिरवत होत्या. एरवी तोंडाने फटकळ बाई, पण आवाज असा काढला की मी ओळखलाच नाही. "अण्णा," त्या म्हणाल्या, "ह्यात म्हातारं माणूस बसलं तर चालतंय काय?" त्यांचं माहेर चिकोडीकडच्या एका आडबाजूच्या खेड्यात. भाऊ लहान पोरं मागे टाकून तरणाताठा गेला, त्यानंतर त्यांना न्यायला कोणी आलंच नव्हतं. मुराळ्याशिवाय उंबरा न ओलांडायची रीत त्यांनी आम्हा सुनांना लावली होती, पण तिच्यात सगळ्यांत जास्त वर्षं त्या स्वतःच कोंडलेल्या होत्या, हे मला त्या घटकेला कळलं. अण्णाने माझ्याकडे बघितलं. पेट्रोल एकाच माहेरापुरतं होतं. "आत्याबाईस्नी ने," मी म्हटलं, "मला म्होरल्या पंचमीला ने." म्हटलं खरं, पण हातातलं बोचकं खाली ठेववेना.

मी त्यांच्याबरोबर गेले. तिकडे घरात भावाच्या सुना होत्या, त्यांनी पाट मांडला, ओटी भरली, पण ओळखत कोणीच नव्हतं. निघताना शेजारची एक वाकलेली म्हातारी काठी टेकत आली, खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुळसा काय गं तू?" आत्याबाईंना तुळसा म्हणणारं माणूस जगात आहे, हे मला नवीन होतं. त्या दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि अण्णा उगाचच चाकाची हवा बघत बसला.

परत निपाणीला येईपर्यंत पेट्रोल संपलं. गाडी वखारीत तंबाखूच्या बोदांशेजारी, म्हणजे गोणपाटात बांधलेल्या गठ्ठ्यांशेजारी, लावली आणि अण्णा सर्व्हिस मोटारीने घरी गेला. तिथून पुढे सगळं उलटं झालं. उभ्या गाडीचे सांधे धरतात म्हणून ती फिरवायला, हवा भरायला, पुसायला अण्णा दर महिन्याला निपाणीला येऊ लागला. येताना वहिनीने केलेले मांडे आणी. मी बोदावर बसून त्याला नट पिळायचे पाने देई आणि आम्ही बोलत राहू. आई भाकरी थापताना काय गुणगुणायची, वडिलांना दुकानात झोप कशी लागायची, असलं काहीबाही. त्याने हँडल मारलं की आतून तंबाखूची धूळ उडे आणि सगळी वखार शिंकू लागे. आत्याबाई मागच्या सीटवर बसून चिंचा सोलत. आता त्याच म्हणायच्या, "ने की रं हिला सर्व्हिस मोटारीनं." अण्णाला तो गाडीचा अपमान वाटे. मीही हट्ट धरत नसे. माझं माहेर महिन्याच्या महिन्याला माझ्याकडेच येत होतं, मग मी कुठे जाऊ? त्या वर्षांत होते इतकी सुखात मी कधीच नव्हते.

लढाई संपली, पेट्रोल सुटलं. अण्णा डबा घेऊन आला. पहिल्याच हँडलला इंजिन चालू झालं, आणि इतक्या वर्षांनी मी त्या मोटारीत अण्णाशेजारी बसून माहेराला निघाले. तवंदीच्या घाटात पाणी उकळलं नाही. संकेश्वरची नदी आली आणि मागे गेली. अण्णाचा चेहरा नवरदेवासारखा फुलला होता. "बघितलीस? कुठं थांबली काय?" दर मैलाला विचारायचा. मी न्हाय म्हणत होते आणि मला रडू येत होतं. गाडी बेळगावला गेली की अण्णाला निपाणीत काही काम उरणार नव्हतं, आणि बहिणीच्या सासरी माणसाने कामाशिवाय दर महिन्याला कसं जावं? लोक नावं ठेवतात. ज्या गाडीने चालावं म्हणून मी नवस बोलले होते, ती आता एकदा तरी बंद पडावी म्हणून मी देवाला विनवत होते. पण गाडीत खोट म्हणून उरली नव्हती.

काकती मागे पडली. बेळगावातली घरं दिसू लागली.

"अण्णा," मी म्हटलं, "इंजिनात कसला तरी आवाज येतोय बघ."

त्याने गाडी झाडाखाली बाजूला घेतली. तिच्यातला एकेक खिळा त्याच्या बोटांखालून गेलेला, आवाज असता तर माझ्याआधी त्याला कळला असता. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि सीटखालचं जुनं धोतर काढून गवतावर पसरलं.

"व्हय की," तो म्हणाला. "लई येळ लागंल बघ."

"लागू दे," मी म्हटलं, आणि पान्यांची पिशवी घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले.